वैनगंगेच्या वळणावरची देवळं

मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा भंडारा जिल्ह्यातून खाली उतरते आणि पुढे चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांमधली हद्द होऊन दक्षिणेकडे वाहत राहते. चामोर्शी तालुक्यात एका ठिकाणी मात्र ती मोठा वळसा घेते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदीचा काठ म्हणजे तीर्थ, अशी आपल्याकडची जुनी श्रद्धा. काशीची गंगाही उत्तरवाहिनीच. वैनगंगेच्या या वळणावर, डाव्या काठाला मार्कंडा हे लहानसं गाव आहे आणि गावाच्या कडेला, दगडी तटाच्या आत, देवळांचा एक मोठा समूह आहे. परिसरातली माणसं त्याला ‘मार्कंडादेव’ म्हणतात. महाशिवरात्रीला इथे भरणारी यात्रा पूर्व विदर्भातल्या सर्वांत मोठ्या यात्रांपैकी एक आहे.

गडचिरोलीचं नाव घेतलं की वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला जंगल आठवतं, नक्षलवाद आठवतो, पावसाळ्यात तुटणारी गावं आठवतात. या जिल्ह्यात अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमाराची अशी देवळं असतील, ज्यांची तुलना पुरातत्त्वज्ञ खजुराहोशी करतात, हे पुण्या-मुंबईच्याच काय, नागपूरच्याही अनेकांना ठाऊक नसतं. आणि ज्यांना ठाऊक असतं, त्यांना पहिला प्रश्न पडतो तो असा: एवढ्या दूर, एवढ्या आडरानात, एवढं मोठं देऊळ कुणी आणि कशासाठी बांधलं असेल?

या प्रश्नाचं उत्तर रस्त्यापासूनच शोधायला लागतं.

चंद्रपूर सोडून मूलच्या दिशेनं निघालं की शहर लवकरच मागे पडतं. चिचपल्लीच्या आसपास दोन्ही बाजूंना साग, ऐन, तेंदू आणि बांबूचं रान लागतं. माघ-फाल्गुनात पानं गळून रान विरळ झालेलं असतं, तेव्हा पळस फुलतो; त्यामागोमाग मोह टपकू लागतो आणि पहाटेपासून टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली दिसतात. मूलच्या पुढे जंगल मागे सरतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. त्यांच्या मध्ये मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा लांब पूल, पलीकडे गडचिरोली आणि तिथून दक्षिणेला चामोर्शी. विदर्भातला हा एक अतिशय देखणा रस्ता आहे. आज तो दोन जिल्ह्यांना जोडतो. पण १९८२ सालच्या २६ ऑगस्टपर्यंत हे दोन जिल्हे नव्हतेच. गडचिरोली त्या दिवशी वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख एकाच चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा, जिल्ह्यात होता, आणि त्याच्याही आधी, फार आधी, या मुलखातून माणसांची आणि मालाची ये-जा चालू होती.

तिचे पुरावे या रस्त्याच्या दोन्ही अंगांना विखुरले आहेत. नागभीड तालुक्यात देवटेक नावाचं गाव आहे. तिथे सापडलेल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. पहिला ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, मौर्यांच्या काळातला. त्यात प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई करणारी आज्ञा आहे. दुसरा त्याच शिळेवर अनेक शतकांनंतर कोरलेला, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. नागपूरचे थोर पुराभिलेखतज्ज्ञ वासुदेव विष्णू मिराशी यांनी या लेखांचा अभ्यास केला आणि त्यात आलेलं चिक्कंबुरी हे नाव देवटेकजवळच्या चिकमारा या आजच्या गावाशी जुळवलं. ताडोबाच्या जंगलापासून फार लांब नसलेल्या भागात प्राणिहत्येला बंदी घालणारा लेख सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरला गेला, याचा अर्थ तो वाचणारे, निदान ऐकणारे लोक तेव्हा इथे होते आणि आज्ञा देणाऱ्याचा अंमल इथवर पोचत होता.

चंद्रपूरच्या वायव्येला भद्रावती, म्हणजे जुनं भांदक. तिथल्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगरात सरळ आत जाणारी एक लांब मार्गिका, तिच्या टोकाला बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती, आणि दोन्ही बाजूंना निघणाऱ्या आणखी दोन मार्गिका, अशी त्यांची रचना. चिनी यात्रेकरू ह्युएनत्सांग सातव्या शतकात कलिंगाकडून कोसलात आला; त्यानं पाहिलेली कोसलाची राजधानी म्हणजे हे भांदकच असावं, असं एकोणिसाव्या शतकातल्या पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमचं मत होतं. इतर अभ्यासकांनी छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे बोट दाखवलं. पण भांदकचं महत्त्व ह्युएनत्सांगवर अवलंबून नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा ताम्रपट इथेच मिळाला, आणि त्यात सूर्यमंदिरासाठी दिलेल्या गावाची नोंद आहे. बौद्ध लेणी, जैन मूर्ती, भद्रनागाचं देऊळ, तलावावरचा प्राचीन दगडी पूल, असे एकाच गावात वेगवेगळ्या पंथांचे आणि काळांचे अवशेष सापडतात, तेव्हा ते गाव मोठ्या वाटेवरचं असतं.

आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे स्वतः वैनगंगा. तिच्याच काठावर वरच्या अंगाला, भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं आणि मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप उजेडात आला. खालच्या अंगाला चपराळ्याजवळ वर्धा नदी वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते. गोदावरीच्या पलीकडे काकतीयांचं राज्य होतं. पालमपेठचं रामप्पा मंदिर, ज्याला २०२१ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, ते १२१३ सालचं. उत्तरेकडे कलचुरी आणि परमार, पश्चिमेला यादव, दक्षिणेला काकतीय. नकाशा असा मांडला की मार्कंडा आडरानात राहत नाही. ते चार मुलखांच्या मधोमध, नदीच्या वाटेवर, पाण्याच्या काठी येतं.

देवळं कुणी बांधली, हे सांगणारा लेख इथे मिळालेला नाही. लोकांनी आपल्या सवयीनं त्यांना ‘हेमाडपंती’ म्हटलं. पण हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मार्कंड्याची शैली त्याच्या आधीची आहे, आणि तिची नाळ मध्य भारतातल्या नागर देवळांशी जुळते.

तटाच्या आत शिरलं की डोळा आधी मुख्य देवळावर जातो, तो त्याच्या भिंतींमुळे. वालुकाश्माच्या भिंतीवर जमिनीपासून वर चढत जाणारे थर आहेत, आणि त्यांच्यावर मूर्तींच्या तीन आडव्या ओळी देवळाला वळसा घालून जातात. कनिंगहॅमच्या नोंदीनुसार प्रत्येक ओळीत ४५ चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकट सुमारे सव्वादोन फूट उंच. त्यानं एकूण ४०९ मूर्ती मोजल्या. शिवाय मूर्तींच्या मधले सिंह आणि हत्ती वेगळे, ते जवळपास याच्या निम्मे. भिंत सपाट कुठेच नाही. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. त्यामुळे सकाळच्या उन्हात एका कोनाड्यातली मूर्ती उजळते तेव्हा शेजारची सावलीत असते, आणि दुपारपर्यंत उजेड-सावलीची अदलाबदल झालेली असते. शिव आहे, देवी आहेत, दिक्पाल आहेत, आरशात पाहणाऱ्या, नाचणाऱ्या सुरसुंदरी आहेत, मिथुनशिल्पं आहेत. काहींचे हात तुटले आहेत, काहींचे चेहरे पावसानं पुसट केले आहेत. पण कमरेतली लय, पायाच्या बोटांवर तोललेलं अंग, दागिन्यांची गुंफण अजून ठसठशीत आहे.

मुख्य देऊळ मार्कंडेय ऋषीचं. पुराणकथा सर्वांना माहीत असते: मृकंडू ऋषीला पुत्र झाला तो सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन. सोळावं वर्ष भरलं, यम आला, मुलानं शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाचा पाश लिंगावर पडला. शिव प्रकट झाला आणि यमाला माघार घ्यावी लागली. मार्कंड्याची गंमत ही की इथे या कथेतली सगळी पात्रं शेजारी राहतात. मुलाचं देऊळ आहे, बापाचं, म्हणजे मृकंडूचं आहे, आणि ज्याला माघार घ्यावी लागली त्या यमधर्माचंही आहे. कथेत हरलेल्यालाही गावानं आपल्या आवारात जागा दिली, पूजा दिली. बाजूला उमा-महेश आहेत, आणि ओवऱ्यांच्या रांगेत दशावतारही आहेत. शैव क्षेत्रात विष्णूच्या अवतारांची ही रांग पाहिली की त्या काळच्या भाविकांना पंथांच्या भिंतींची फारशी पर्वा नव्हती, हे ध्यानात येतं.

ज्या शतकांत इथे हे दगड रचले जात होते, त्याच सुमारास जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, डेन्मार्कमध्येही गावोगाव दगडी प्रार्थनास्थळं उभी राहत होती. बाराव्या आणि तेराव्या शतकांत तिथे शेतकऱ्यांच्या गावांत लाकडी चर्चच्या जागी दगडी चर्च आली. जटलंडमध्ये घडीव ग्रॅनाइटची, बॉर्नहोम बेटावर चक्क गोल आकाराची. त्यांतली दीड हजारांहून अधिक आजही वापरात आहेत. त्यांच्या भिंतींवर मात्र शिल्पांऐवजी चित्रं होती, बायबलच्या कथांची. १५३६ च्या धर्मसुधारणेनंतरच्या काळात अनेक चित्रांवर चुन्याचे थर चढले आणि पुढे एकोणिसाव्या शतकात ते खरवडल्यावर ती पुन्हा दिसू लागली. ही चर्च एकेका खेड्याच्या मध्ये, दफनभूमीच्या भिंतीच्या आत, पांढरीशुभ्र उभी असतात. त्या देशानं १९९१ मध्ये निसर्गरम्य रस्त्यांचा हजारो किलोमीटरचा एक मार्ग आखला, त्यावर पांढऱ्या फुलाच्या पाट्या लावल्या, आणि त्या वाटेवरून जाणारे लोक अशा चर्चपाशी थांबतात. ग्रामीण भागातलं मध्ययुगीन देवालय कसं टिकतं, याचं उत्तर तिथे आणि इथे एकच निघतं. राजा गेला, घराणं बुडालं, तरी गावातलं लग्न, सण, मरण त्या देवालयाशी बांधलेलं राहिलं, म्हणून दगड जागेवर राहिले.

मार्कंड्याच्या बाबतीत या बांधिलकीची परीक्षा मोठी झाली. तेराव्या शतकानंतर मोठी राज्यं कोसळली. परंपरा सांगते की या भागात माना जमातीचे नागवंशी सरदार होते. वैरागड आणि माणिकगड हे किल्ले त्यांच्याशी जोडले जातात. मग गोंडांची सत्ता आली. बल्लारपूरचा किल्ला, तिथून चंद्रपूरला आलेली राजधानी, तिचा परकोट आणि जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर, पठाणपुरा हे चार दरवाजे ही त्यांची कामगिरी. दरवाज्यांवरचा हत्तीला नमवणारा सिंह हे त्यांचं राजचिन्ह. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाची नोंद केली: एक हजार स्वार, चाळीस हजार पायदळ, आणि ताब्यात वैरागड, जिथे हिऱ्याची खाण आहे. वैरागड म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरीजवळचं. अकबराच्या दरबारात ज्या गावाचं नाव हिऱ्यांसाठी घेतलं जात होतं, ते मार्कंड्याच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्याच खोऱ्यात आहे.

गोंड राजांनी या भूमीसाठी केलेलं सर्वांत मोठं काम मात्र शेतीचं. हीरशहानं जंगल साफ करून वसाहत करणाऱ्याला जमीन देण्याचं धोरण आखलं, तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन मिळे, अशी आठवण ब्रिटिश महसुली अहवालांनी टिपून ठेवली आहे. मूल-सावलीच्या रस्त्यावरचे तलाव आणि त्यांच्या पाण्यावरची धानशेती या परंपरेतून वाढली. कोहळी समाजाचं तलाव बांधण्यातलं कसब आजही झाडीपट्टीत आदरानं सांगितलं जातं. देवळाला पूजा हवी, पूजेला गाव हवं, गावाला धान हवं आणि धानाला तलाव. मार्कंड्याच्या आसपासची वस्ती टिकली, यात गोंडांच्या या धोरणाचा वाटा आहे.

देवळांच्या बाबतीतही गोंड राजघराणं हात आखडून बसलं नाही. चंद्रपूरचं अंचलेश्वर आणि महाकाली ही दोन्ही क्षेत्रं त्यांच्या आश्रयानं वाढली. बीरशहाच्या खुनानंतर राणी हिराईनं अठराव्या शतकाच्या आरंभी राज्याची धुरा सांभाळली, पतीची देखणी समाधी उभारली आणि महाकालीचं देऊळ बांधलं. चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेला आजही मराठवाड्यातून, नांदेडकडून हजारो भाविक येतात, झरपट नदीत आंघोळ करतात. मार्कंड्याला मात्र संकट आलं ते आकाशातून. मुख्य देवळाच्या शिखरावर वीज पडली, वरचा भाग कोसळून महामंडपाच्या छतावर आला आणि छत मोडलं. पुढे एका गोंड राजानं पडझडीला आधार देण्याचा प्रयत्न केला, असं कनिंगहॅमच्या काळात सांगितलं जात होतं. त्यासाठी घातलेलं जाड, साधं बांधकाम मूळ कोरीवकामापुढे ओबडधोबड दिसतं. कलेच्या जाणकारांनी त्याला नावं ठेवली. पण त्या राजापाशी मूळ शिल्पकारांचं कसब नव्हतं, त्यांचं घराणं केव्हाच लोपलं होतं. त्याच्यापाशी गवंडी होते, दगड होते आणि हे देऊळ पडू द्यायचं नाही, एवढा निश्चय होता. उरलेला भाग उभा राहिला, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

गोंडांचं राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. १८५३ मध्ये तिसरा रघूजी वारला आणि त्यानंतर नागपूर संस्थान खालसा झालं. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके यांनी याच मुलखात गोंड, माडिया आणि रोहिले तरुण जमवून इंग्रजांना आव्हान दिलं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी झाली. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांचे सहकारी होते. हा उठाव शमल्यावर इंग्रजांनी जिल्हा मोजायला घेतला: गाव किती, तलाव किती, सारा किती. मेजर ल्युसी स्मिथचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल १८६९ चा. राज्य पक्कं झालं की वारशाचीही यादी होते. ती यादी करणारा माणूस चार-पाच वर्षांत आला.

अलेक्झांडर कनिंगहॅम तेव्हा साठीच्या घरात होता. बंगाल इंजिनिअर्समधला सेनाधिकारी, १८६१ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीवर नेमला गेलेला, १८७१ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक. खजुराहोची देवळं त्यानं आधीच पाहिली होती, मोजली होती. १८७३ ते १८७५ या काळात तो मध्य प्रांतात फिरला. नागपूरपर्यंत रेल्वे आली होती, पण चांद्याला नव्हती. पुढचा प्रवास घोडे, बैलगाड्या आणि तंबूंचा. भांदक पाहून, चांदा पाहून तो वैनगंगेकाठी आला.

१८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात मार्कंड्याचं वर्णन वाचताना हा मोजमापाचा माणूस हरखलेला जाणवतो. आपण पाहिलेल्या देवळांच्या समूहांत हा अत्यंत रम्य समूहांपैकी एक आहे, असं त्यानं नोंदवलं. मग लगेच फीत काढली: आवार १९६ फूट लांब, ११८ फूट रुंद, तट नऊ फूट उंच, आत लहान-मोठी वीसहून अधिक देवळं, काही धड, काही पडलेली. मूर्ती मोजल्या त्या तेव्हाच. शैलीवरून त्यानं मुख्य देऊळ खजुराहोच्या देवळांच्या काळाजवळ आणलं. हेन्री कझेन्सनं १८९७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी छापली, तीतही मार्कंडा आहे. १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरमध्येही आहे. आज मार्कंड्यावर लिहिणारा प्रत्येक जण कळत-नकळत कनिंगहॅमच्या मापांवर उभा असतो.

पण त्याच्या आगमनाला ‘शोध’ म्हणणं चुकीचं ठरेल. तो पोचला तेव्हा देवळात पूजा चालू होती. पुजारी होते, वीज कधी पडली आणि राजानं काय केलं हे सांगणारे जाणते होते, महाशिवरात्रीला येणारे लोक होते. ज्या माहितीच्या आधारे त्यानं देवळांची नावं लिहिली, ती गावानं दिली.

महाशिवरात्रीची यात्रा पाहिली की ही अखंड वहिवाट समजते. एसटीच्या जादा गाड्या सुटतात. चामोर्शीचा रस्ता ट्रॅक्टर, बैलबंड्या, जीप आणि पायी चालणाऱ्या माणसांनी भरून जातो. माघात नदीचं पाणी उतरलेलं असतं, वाळूची रुंद पट्टी उघडी पडते, तिच्यावरच राहुट्या पडतात. पलीकडच्या, चंद्रपूर जिल्ह्याच्या काठावरची माणसं डोंग्यानं आणि नावेनं येतात. ढिवरांच्या डांगरवाड्या याच वाळूत असतात. पहाटे अंधारातच माणसं उत्तरवाहिनीत बुडी मारतात आणि ओल्या अंगानं रांगेत उभी राहतात. त्यांत गोंड आहेत, कुणबी आहेत, तेली, कोहळी, ढिवर, माळी आहेत. मराठी आहे, गोंडी आहे, दक्षिणेकडून आलेल्यांची तेलुगू आहे. कलेचा इतिहास लिहिणारे या देवळाला खजुराहोशी जोडतात. यात्रेकरू त्याला काशीशी जोडतात. देवळाला आजवर जगवलं आहे ते दुसऱ्या नात्यानं.

आता या समूहाच्या आयुष्यात नवा टप्पा आला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं गेल्या दशकात मुख्य देवळाचं जतनकाम हाती घेतलं. अशा देवळात दगड चुन्याशिवाय, एकमेकांच्या भारावर तोललेले असतात. एक सरकला तर शेजारचा सरकतो. म्हणून पद्धत अशी की दगडांना क्रमांक द्यायचे, रेखाटन करायचं, वरून खाली एकेक थर उतरवायचा, पाया तपासायचा, आणि मग त्याच क्रमानं ते पुन्हा चढवायचे. हे काम सावकाशीचं असतं आणि त्यासाठी मुरलेले कारागीर लागतात. मार्कंड्याला ते फार रेंगाळलं. वर्षानुवर्षं उतरवलेले दगड आवारात मांडलेले राहिले, यात्रेच्या दिवशी दर्शनाची अडचण झाली, आणि गावकऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी वारंवार आवाज उठवला. त्यांची तळमळ रास्त आहे. देऊळ त्यांच्यासाठी वारसास्थळ असण्याआधी रोजचं आहे.

या कामात एक निर्णय फार महत्त्वाचा आहे: गोंड राजाच्या दुरुस्तीचं काय करायचं? मूळ शिल्पवैभव पुन्हा उभं करण्याच्या नादात मधल्या शतकांचं साधं बांधकाम राडारोडा समजून काढून टाकणं सोपं असतं. जिथे ते काढल्याशिवाय देऊळ सुरक्षित होणार नाही, तिथे ते काढावंच लागेल. पण काढण्याआधी त्याची छायाचित्रं, मापं, नकाशे झाले पाहिजेत, आणि जिथे ते भार पेलतं आहे तिथे ते राहिलं पाहिजे. गडचिरोलीतल्या गोंड मुलांना मार्कंड्याला आणून जर काही दाखवायचं असेल, तर सुरसुंदरींच्या शेजारी त्यांच्या पूर्वजांनी लावलेला तो जाड दगडही दाखवला पाहिजे, आणि तो का लावला हे सांगितलं पाहिजे.

दुसरं काम अगदी लहान आहे आणि त्याला निधीही फारसा लागणार नाही. देवटेकची शिळा, विजासन, वैरागडचा किल्ला, चंद्रपूरचे दरवाजे, मार्कंडा आणि चपराळ्याचा संगम ही ठिकाणं एकाच प्रवासाच्या टप्प्यांसारखी आहेत. चंद्रपूरहून निघून सावकाश गेलं तर दोन-तीन दिवसांत होण्याजोगी. त्या वाटेवर मराठी, गोंडी आणि तेलुगूत पाट्या लागल्या, मूल आणि चामोर्शीच्या बसस्थानकावर एक नकाशा लागला, आणि प्रत्येक ठिकाणी गावातल्याच दोन तरुणांना माहिती सांगण्याचं शिक्षण मिळालं, तर ताडोबाचा वाघ पाहून माघारी फिरणाऱ्या पर्यटकांतले काही तरी मूलचा रस्ता धरतील. चामोर्शीच्या खानावळींना आणि डोंगेवाल्यांना त्यातून महाशिवरात्रीपलीकडेही काम मिळेल.